मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना इतके महिने बंद ठेवायला हवी होती का?

कल्याणकर

कोरोनाकाळातल्या निर्णयांचा विषय निघाला की ऑक्सिजन, रेमडेसिवीर, लसीच्या रांगा यांवर सगळे भरभरून बोलतात. लोकलबंदी मात्र बाजूलाच राहते. माझं मत ठाम आहे. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबवल्या ते बरोबरच होतं. त्यानंतर ज्या रीतीने बंदी लांबवली, तो आमच्यासारख्या खासगी नोकरदारांवर अन्याय होता.

क्रम बघा. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. २१ ऑक्टोबरपासून महिलांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. १ फेब्रुवारी २०२१ ला 'सर्वांसाठी' म्हणून जाहीर झाली तीही सकाळी ७ च्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. एप्रिलमध्ये परत बंद. खासगी कार्यालयांना मात्र जून २०२० पासून १० टक्के आणि सप्टेंबरपासून ३० टक्के माणसं बोलवायची मुभा होती. म्हणजे कामावर जा, पण कसे जाल ते तुमचं तुम्ही बघा.

लोक गेलेच. पहाटेपासून एसटीच्या रांगेत उभे राहून, शेअर गाडीत कोंबून घेऊन, कल्याण-शीळ रस्त्यावर तासन्‌तास अडकून गेले. रेल्वे पासाचे महिन्याचे पैसे दोन-तीन दिवसांत उडायचे, आणि तेही पगार कापलेला असताना. २२ जुलै २०२० ला नालासोपाऱ्यात एसटी मिळेना म्हणून लोक रुळांवर उतरले, ते हौसेने नव्हे.

शीव_वॉर्ड

मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि त्या गाड्यांमधून रोज जात होते. तुमचे हाल झाले हे मान्य, पण तुम्ही जी मागणी करताय तिचा अर्थ काय होतो ते बघा.

मुंबईच्या लोकलने महामारीपूर्वी रोज ७५ ते ८० लाख प्रवासी जायचे. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत चार-साडेचार हजार माणसं असायची. त्यात अंतर राखणं शक्य नाही, मास्क नाकावर राहील याचीही खात्री नाही. अत्यावश्यकवाल्यांपुरती लोकल होती तेव्हासुद्धा ठाण्यानंतर बसायला जागा मिळत नव्हती. सगळ्यांना सोडलं असतं तर आम्ही ड्यूटीवर पोचलो असतो का? १ फेब्रुवारीला लोकल उघडली आणि एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर रुग्ण सापडले. त्या दिवसांत वॉर्डाच्या दारात खाटेची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सरकारने जे केलं ते मला पटतं.

वऱ्हाडातून

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण फेब्रुवारीत लोकल उघडली म्हणून दुसरी लाट आली, हे पटत नाही. ती लाट आधी आमच्याकडे दिसली. अमरावती आणि अचलपुरात फेब्रुवारीतच पुन्हा लॉकडाऊन लावावा लागला. अकोला, यवतमाळचीही तीच गत. इथे कुठली लोकल? पुढे ज्याला डेल्टा म्हणू लागले त्या विषाणूची लाट होती ती. शिवाय तुमची लोकल तेव्हा गर्दीच्या वेळी बंदच होती ना?

शीव_वॉर्ड

लाट कुठून सुरू झाली हा माझा मुद्दा नव्हता. आलेला विषाणू एवढ्या मोठ्या शहरात किती वेगाने पसरेल, हा होता. अमरावतीत खाटा संपल्या की माणसं नागपूरला नेता येतात. मुंबईतल्या संपल्या की कुठे नेणार?

बोरिवली_स्लो

मग २०२० च्या जुलैमधलं सेरो सर्वेक्षण आठवा, म्हणजे रक्त तपासून कोणाला संसर्ग होऊन गेला ते बघणारं. माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. त्याआधीचे महिने लोकल सामान्यांना पूर्ण बंद होती. म्हणजे प्रसार झाला तो दाटीच्या घरांतून, सामायिक शौचालयांतून. जिथे माणूस दिवसाचे चोवीस तास राहतो तिथला धोका कमी करता येत नव्हता, म्हणून सगळा जोर गाडीतल्या तासा-दीड तासावर.

आणि गाडीतली गर्दी गेली कुठे? बेस्टच्या बसमध्ये. तिथे लोकलच्या उघड्या दारातून येतो तसा वाराही नाही.

शीव_वॉर्ड

बसमध्ये चाळीस-पन्नास जण. एका डब्यात किती ते तुम्हीच मोजा.

हिशेबनीस

मला सर्वात जास्त खटकला तो १५ ऑगस्ट २०२१ चा नियम. दुसरा डोस घेऊन १४ दिवस झाले असतील तरच पास. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. पण १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण १ मेपासून सुरू झालं, तेही लस मिळाली तर. लसीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल उघडताक्षणी स्लॉट संपायचे. १३ मेला कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं. आता हिशेब मांडा. मेच्या मध्यावर ज्याला नशिबाने पहिला डोस मिळाला, त्याचा दुसरा ऑगस्टमध्ये, आणि वर १४ दिवस. दुकानात, कुरिअरमध्ये, हॉटेलात काम करणारी तिशीतली पोरं बहुतेक सगळी नियमाबाहेर. ज्यांच्या घरात पैसे देऊन खासगी रुग्णालयात लस घेण्याची सोय होती ते त्यांच्या आधी पुढे गेले. या अटीने रोग रोखला की गरीब प्रवासी रोखला?

शीव_वॉर्ड

याच अटीमुळे दुसरा डोस टाळणारे केंद्रावर आले, हेही लिहा. पाससाठी प्रमाणपत्र हवं म्हणून आलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत एका दिवसात वीस हजारांवर रुग्ण झाले, तरी लोकल थांबवावी लागली नाही. ते लसीमुळेच जमलं.

हिशेबनीस

लसीच्या विरोधात मी एक अक्षर लिहिलेलं नाही. लस मिळण्याची सोय होण्याआधी अट घातली, एवढंच म्हणतोय. ते आदेश काढताना कायद्यातली कार्यपद्धती पाळली नाही, हे उच्च न्यायालयानेही २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारला सुनावलं होतं.

कल्याणकर

शीव_वॉर्ड, तुमचा गर्दीचा मुद्दा मी सोडून देत नाही. पण गर्दी कमी करायचे दोन मार्ग होते. एक, कोण प्रवास करेल ते ठरवायचं. दुसरा, कोण कधी प्रवास करेल ते ठरवायचं. सरकारने पहिला धरला. त्यातून बनावट ओळखपत्रं निघाली, अत्यावश्यक सेवेचं खोटं पत्र मिळवून लोक जाऊ लागले, पकडलेही गेले. प्रामाणिक माणूस तेवढा बाहेर राहिला. दुसऱ्या मार्गात कार्यालयांच्या वेळा सक्तीने फोडायला हव्या होत्या. काही कंपन्या ७ ते ३, काही ११ ते ७, आणि पासावरच वेळेचा शिक्का. त्यासाठी मालकांना दुखवावं लागलं असतं. प्रवाशाला थांबवणं सोपं होतं.

शीव_वॉर्ड

वेळा फोडायच्या कल्पनेला माझा विरोध नाही, ती आजही करता येईल. पण एप्रिल २०२१ मध्ये ती बसवायला वेळ नव्हता. त्या महिन्यात गाडी सामान्यांना बंद केली हे योग्यच झालं, यावरून मी हटणार नाही.

कल्याणकर

एप्रिल-मेपुरतं मीही मानतो. मेअखेर रुग्ण खूप उतरले होते. मग जून आणि जुलै कशासाठी? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.