साइड रेल (पलंगाच्या बाजूचे कठडे) वर केलेल्या असूनही रुग्ण पडतात, काय चुकतंय?

प्रश्न: मेडिसिन वॉर्डात मोर्स स्केल (रुग्ण पडण्याचा धोका गुणांत मोजणारा तक्ता) नियमित भरला जातो. ४५ किंवा जास्त गुण आले की पलंगाला पाटी लागते, रेल वर केल्या जातात. तरी पहाटे कुणीतरी खाली सापडतंच. आणखी काय करावं?

उत्तर १: रेलवर भिस्त ठेवू नका. गोंधळलेला रुग्ण रेल ओलांडून उतरायला बघतो आणि मग आणखी उंचावरून आपटतो. पलंग अगदी खाली घ्या, चाकांचे ब्रेक हाताने हलवून तपासा.

खरं कारण बहुतेकदा लघवीची घाई असतं. ‘लागली तर बोलवा’ म्हटलं की रुग्ण संकोचतो आणि एकटाच उठतो. त्यापेक्षा झोपण्याआधी ‘चला, जाऊन येऊ’ म्हणून स्वतः न्या आणि पहाटे जाग दिसली की पुन्हा विचारा. फ्युरोसेमाइडचा (लघवी वाढवणारं औषध) दुसरा डोस रात्री लिहिलेला असेल, तर तो दुपारी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. अर्धांगवायूच्या रुग्णाची बेल पुष्कळदा लुळ्या हाताच्या बाजूला अडकवलेली असते, तेही बघा.

उत्तर २: बेरजेवर थांबू नका, गुण कशाचे आहेत ते वाचा. एकाचे ६० असे: आधी पडला होता २५, आयव्ही (शिरेत लावलेली सलाइनची सुई) २०, आपल्याला चालणं झेपत नाही याचं भान नाही १५. दुसऱ्याचेही ६०: दुसरा आजार १५, आयव्ही २०, वॉकर १५, अशक्त चाल १०. पहिल्याला समजावून उपयोग नाही, त्याला नर्सिंग स्टेशनसमोरचा पलंग द्या. दुसऱ्याला वॉकर हाताशी हवा आणि रात्री सलाइनची नळी पायात यायला नको. झोपेचं औषध नव्याने सुरू झालं की गुण परत काढा.

उत्तर ३: उभ्याचा बीपीही घ्या. ५ मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. अशा रुग्णाला आधी काठावर बसवा, घोटे हलवायला लावा, चक्कर नसेल तरच उठवा.

उत्तर ४: आणि पडलाच तर लगेच उचलू नका! आधी शुद्ध, मान, डोकं, खुबा तपासा. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं फ्रॅक्चर धरूनच हलवा. पडताना कुणी पाहिलं नसेल तर डोक्याला मार लागला असं समजून जीसीएस (शुद्धीचे गुण) आणि डोळ्यांच्या बाहुल्या पुन्हा पुन्हा बघत राहा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा.