वांशिक टोपणनावं: म्हणणाऱ्याचा हेतू पाहायचा की आणखी काही?

दूरवरची

एखाद्याच्या वंशावरून, कातडीच्या रंगावरून किंवा तो ज्या मुलखातून आला त्यावरून पडलेलं टोपणनाव मुळातच अपमानास्पद असतं की ते संदर्भावर ठरतं? हा वाद नेहमी दोनच वाक्यांवर येऊन अडतो. एक, ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं.’ दुसरं, ‘पण मला लागलं.’ मला त्याच्या पुढे जायचं आहे, म्हणून फुटबॉलमधली दोन प्रकरणं मांडते.

ऑक्टोबर २०११. लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. मैदानावरच्या बाचाबाचीत लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझनं युनायटेडच्या कृष्णवर्णीय पॅट्रिस एव्हराला ‘नेग्रो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘काळा’, म्हटलं. सुआरेझचं म्हणणं असं, की आमच्या उरुग्वेत हा शब्द आम्ही मित्रांनाही वापरतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं नेमलेल्या आयोगानं थेट भाषेच्या जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, तिकडे हा शब्द लाडानं वापरतात हे खरंच आहे; पण एव्हरा सांगतो तशा पद्धतीनं, भांडणात वापरला असेल तर उरुग्वेतही तो अपमानच समजला जाईल. सुआरेझवर आठ सामन्यांची बंदी आली, शिवाय ४० हजार पौंड दंड.

नोव्हेंबर २०२०. उरुग्वेचाच एडिन्सन कवानी, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू. सामना जिंकल्यावर एका मित्रानं इन्स्टाग्रामवर अभिनंदन केलं, त्याला यानं लिहिलं ‘ग्रासियास, नेग्रितो’, म्हणजे ‘धन्यवाद, काळ्या’, लाडानं. तीन सामन्यांची बंदी, एक लाख पौंड दंड. वर्णद्वेषाचा हेतू नव्हता हे आयोगानंही मान्य केलं, तरी शिक्षा टळली नाही. उरुग्वेच्या भाषा अकादमीनं जाहीर निषेध केला.

माझ्या मते पहिली शिक्षा योग्य होती, दुसरी अन्यायाची. शब्द जवळपास तोच, तेव्हा संदर्भ मोजावाच लागतो. फक्त तो मोजताना बोलणाऱ्याच्या मनात शिरायची गरज पडत नाही. त्या दोघांचं नातं काय, प्रसंग कोणता, त्या शब्दामागे कसला इतिहास आहे, हे सगळं बाहेरच्या माणसालाही दिसतं. म्हणूनच ‘हेतू चांगला होता’ एवढं उत्तर मला पुरत नाही.

रोखठोक

पूर्ण असहमत. हेतू बाजूला काढला तर उरतं काय? ऐकणाऱ्याची मर्जी. आणि मर्जीला सीमा नसते.

वेगवेगळ्या समाजांतली माणसं एकत्र राहतात, काम करतात, तेव्हा एकमेकांना चिडवतातच. त्या चिडवण्यातून परकेपणा गळून पडतो. ज्याच्याशी आपण फार जपून बोलतो तो आपला झालेला नसतो. उद्या प्रत्येक शब्द तोलून बोलायचा म्हटलं तर माणसं आपापल्या समाजातल्यांशीच मोकळेपणानं बोलतील, बाकीच्यांशी फक्त कामापुरतं. हे कोणाला हवं आहे?

आणि ‘त्यांना लागतं’ हे कोण सांगतं, तेही बघा. वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव ‘रेडस्किन्स’, म्हणजे ‘लाल कातडीचे’, होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं २०१६ मध्ये ५०४ मूलनिवासी अमेरिकनांना विचारलं. दहांतल्या नऊ जणांना त्या नावाचं काही वाटत नव्हतं. तरी २०२० मध्ये नाव गेलंच. ज्यांच्या वतीनं राग आला, त्यांना तो आलाच नव्हता.

नदीकाठ

रोखठोक, त्या पाहणीच्या पुढचंही सांगा ना. २०२० मध्ये मिशिगन आणि बर्कली इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी हजारावर मूलनिवासींना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना ते नाव अपमानास्पद वाटत होतं. जे आपल्या जमातीच्या चालीरीती नेमानं पाळतात, त्यांच्यात हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेलं. त्यांची राष्ट्रीय पातळीवरची जुनी संघटना, नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स, कितीतरी दशकं या नावाविरुद्ध बोलत होती. राग होताच. तो प्रायोजकांनी ऐकला २०२० मध्ये, म्हणून नाव गेलं.

आणि समजा दहांतल्या एकालाच लागलं, तरी? शंभरातल्या दहांना रोज हिणवल्यासारखं वाटत असेल तर बाकीच्या नव्वदांना वाटत नाही हे उत्तर होतं का?

माझं मत धागाकर्तीपेक्षा कडक आहे. वंशावरून नाव ठेवायचंच नाही. मित्राला नाही, लाडानं नाही, कधीच नाही. माणसाला आईबापांनी नाव दिलेलं असतं, त्या नावानं हाक मारावी.

मधलीफळी

क्रिकेटमधलं एक उदाहरण या चर्चेत यायलाच हवं.

जून २०२०. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर निदर्शनं चालू होती. तेव्हा वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी यानं जाहीर सांगितलं, की आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना मला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘काळू’ म्हणायचे. त्याला वाटायचं, याचा अर्थ ताकदवान, उमदा असा काहीतरी असणार. खरा अर्थ कळला तेव्हा तो संतापला. जे म्हणत होते त्यांनी माझ्याशी बोलावं, असं त्यानं सांगितलं. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणं झालं. मी प्रेमानंच म्हणत होतो, असं त्या सहकाऱ्यानं सांगितलं आणि सॅमीनं लिहिलं, की माझा त्याच्यावर विश्वास आहे.

रोखठोक म्हणतील, बघा, हेतू चांगला होता आणि विषय मिटला. मला यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. इतका काळ सगळा संघ हसत होता आणि ज्याच्यावरून हसत होते त्यालाच अर्थ माहीत नव्हता. ते प्रेमाचं नाव होतं तर पहिल्याच दिवशी अर्थ सांगायला काय हरकत होती? सांगितला नाही, याचा अर्थ म्हणणाऱ्यांनाही कुठेतरी कळत होतं, की हे त्याला सांगण्यासारखं नाही.

रोखठोक

हा अंदाज झाला. मुलं एखादा शब्द इतक्या सवयीनं वापरतात की त्याचा अर्थ समजावून सांगावा हे डोक्यातही येत नाही. सॅमीनं विश्वास ठेवला, तो तुम्ही का नाकारता? ज्याला लागलं त्याचं ऐका म्हणता, मग त्यानं माफ केलं तेही ऐका.

मधलीफळी

माफ करणं त्याचा हक्क आहे, तो मी कुठे नाकारला? पण माफ केलं याचा अर्थ ते नाव योग्य होतं असा होत नाही.

उंबरठा

आतापर्यंत नुसता वाचत होतो. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो.

कामाच्या जागी माझ्या समाजावरून मला एक नाव पडलं होतं. ते इथे लिहीत नाही. साहेबांनी पहिल्यांदा वापरलं, मग सगळ्यांनी. वाईट माणसं नव्हती ती. आजारी पडलो तेव्हा हीच माणसं धावून आली. आणि मी हसायचो. दर वेळी हसायचो. कधीकधी फोनवर स्वतःची ओळखही त्याच नावानं करून द्यायचो, म्हणजे दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हायचं.

रोखठोक, तुम्ही म्हणता चिडवण्यातून परकेपणा जातो. माझा गेला नाही. कारण बाकीच्यांनाही टोपणनावं होती, पण ती त्यांच्या सवयींवरून पडलेली. उशिरा येणाऱ्याचं वेगळं, सतत चहा पिणाऱ्याचं वेगळं. मी काहीही केलं असतं तरी माझं नाव तेच राहणार होतं, कारण ते माझं नव्हतंच, माझ्या सगळ्या समाजाचं होतं. माझ्या जागी माझ्या समाजातला दुसरा कोणी आला असता तर त्यालाही तेच मिळालं असतं.

रोखठोक

उंबरठा, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून विचारतो. तुम्ही हसत होतात, स्वतःही ते नाव वापरत होतात, तर समोरच्यांना कळणार कसं? ती चांगली माणसं होती असं तुम्हीच म्हणता. एकदा सांगितलं असतंत तर त्यांनी ऐकलं नसतं का?

उंबरठा

काहींनी ऐकलं असतं. पण नाव साहेबांनी ठेवलेलं, आणि मी नोकरीत नवा. त्या वेळी ‘मला हे आवडत नाही’ म्हणणं म्हणजे ‘याला गंमत कळत नाही’ हे दुसरं नाव ओढवून घेणं. पुढे कायम झाल्यावर सांगितलं. बहुतेकांनी त्याच दिवसापासून सोडलं, कोणी वाद घातला नाही. एकानं मात्र ‘तू फार बदललास’ म्हणून बोलणं कमी केलं.

वकिलीण

कायद्याचा मुद्दा निघणारच आहे, म्हणून थोडं सांगते.

रोखठोक यांच्या बाजूनं एक गोष्ट आहे. आपल्याकडे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातिवाचक अपमानाचा गुन्हा आहे, पण तिथे अपमान करण्याचा हेतू लागतो आणि तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं, की एखाद्याला ‘मियाँ-तियाँ’ किंवा ‘पाकिस्तानी’ म्हणणं अभिरुचीहीन आहे, पण त्यानं धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. म्हणजे वाईट बोलणं आणि गुन्हा यांत कायदा अंतर ठेवतो, आणि ते ठेवायलाच हवं.

आता दुसरी बाजू. २००८ च्या स्वरण सिंग खटल्यात याच न्यायालयानं सांगितलं, की जातीचं नाव म्हणून शब्दाचा मूळ अर्थ काय, यावर अडून राहायचं नाही. आज लोक तो कोणत्या अर्थानं वापरतात ते बघायचं. ‘आम्ही तर नुसतं समाजाचं नाव घेतलं’ ही पळवाट तिथे बंद झाली.

या चर्चेला सगळ्यात जवळचा निकाल दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचा, २०१८ चा आहे. रस्टनबर्गच्या प्लॅटिनम खाणीत गाडी लावण्यावरून वाद झाला. एक गोरा कर्मचारी बैठकीत घुसून म्हणाला, त्या काळ्या माणसाची गाडी हलवा. त्याची नोकरी गेली. कामगार अपील न्यायालयानं म्हटलं, हे नुसतं वर्णन आहे, गाडीमालकाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. घटनात्मक न्यायालयानं ते उलटवलं. त्यांनी लावलेली कसोटी अशी: समंजस, तटस्थ आणि परिस्थितीची माहिती असलेल्या माणसाला हे शब्द ऐकून काय वाटेल? वर्णभेदाचा इतिहास असलेल्या देशात असे शब्द निरुपद्रवीच असणार, असं गृहीत धरून सुरुवात करता येत नाही. इथे बोलणाऱ्याचं मन ही कसोटी नाही, आणि सगळ्यात हळव्या ऐकणाऱ्याचीही नाही. रोखठोक यांना ज्या मर्जीची भीती वाटते तिला यात जागा उरत नाही.

नदीकाठ

निकाल पटला. मग पुढचंही बोलू. समाजानं स्वतःच असं नाव उचललं तर? मला तेही पटत नाही. टॉटनहॅम फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांत ज्यू बरेच, म्हणून विरोधी पाठीराखे त्यांना ज्यूंसाठीची शिवी द्यायचे. त्यावर टॉटनहॅमवाल्यांनी तीच शिवी स्वतःचं नाव म्हणून मिरवायला घेतली. चांगल्या भावनेनं घेतली. पण ती ओरडणाऱ्यांत ज्यू नसलेलेच जास्त झाले. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबनंच पाठीराख्यांना हा शब्द सोडायला सांगितलं.

दूरवरची

नदीकाठ, तुमच्या उदाहरणातच फरक आहे. तिथे दुसऱ्यांचं नाव भलत्यांनीच उचललं. ज्यांचं आहे त्यांनीच उचललं तर मी त्यांना अडवणार नाही. अमेरिकेत ओरेगनमधल्या ‘द स्लँट्स’ या आशियाई वंशाच्या कलाकारांच्या बँडनं डोळ्यांच्या ठेवणीवरून दिली जाणारी शिवीच आपलं नाव म्हणून घेतली. अपमानास्पद आहे म्हणून सरकारी कार्यालयानं ते नोंदवायला नकार दिला. बँडचा सायमन टॅम न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तुमचा नियम लावला तर सरकार त्यांना सांगणार, की तुमचा अपमान कशानं होतो ते आम्ही ठरवू.

किंवा ‘जिप्सी’ घ्या. १९७१ मध्ये लंडनला रोमा लोकांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे त्यांनी दुसऱ्यांनी दिलेली नावं नाकारली आणि ‘रोम’ म्हणवून घ्यायचं ठरवलं. पण ब्रिटनमध्ये अनेक कुटुंबं स्वतःला अभिमानानं जिप्सीच म्हणवतात, २०११ पासून तिथल्या जनगणनेतही तो पर्याय आहे. दोन्ही खरं आहे. समोरचं कुटुंब काय म्हणवून घेतं ते विचारण्यावाचून यातून सुटका नाही, आणि विचारायला मिनिटही लागत नाही.

रोखठोक

माझं मत बदललेलं नाही, पण ते कुठवर आहे ते स्पष्ट करतो. सांगितल्यावर थांबायचं, हे मला मान्य आहे. तेव्हाही जो थांबत नाही त्याचा हेतू उघड झाला, त्याला शिक्षा करा. पण पहिल्यांदा, अजाणता म्हटलं म्हणून कोणाची नोकरी किंवा कारकीर्द जाऊ नये. कवानीच्या बाबतीत धागाकर्तीही हेच म्हणतात.

दूरवरची

कवानीच्या मित्रानं तक्रारच केली नव्हती, म्हणून ती शिक्षा मला चुकीची वाटते. ‘सांगितल्यावर थांबायचं’ हा तुमचा नियम बरोबरीच्या माणसांत चालेल. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबमध्ये पाकिस्तानी वंशाच्या अझीम रफीकला पाकिस्तानी लोकांसाठीची शिवी ऐकावी लागायची, आणि क्लबच्या चौकशीत तिला मित्रांमधली थट्टा ठरवल्याचं २०२१ मध्ये बाहेर आलं. त्याला दाद मिळायला थेट ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. तिथे सांगितलं नव्हतं अशी अडचणच नव्हती, ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

म्हणून जिथे वरच्यानं खालच्याला नाव ठेवलं आहे, तिथे सांगण्याचं ओझं खालच्यावर टाकू नये. उंबरठा यांच्या साहेबांना तेव्हाच टोकायला हवं होतं, आणि ते साहेबांच्या बरोबरीच्या कोणीतरी.

उंबरठा

तसं एक जण होतं. त्या बाई मला कायम माझ्या नावानंच हाक मारायच्या, साहेबांसमोरसुद्धा. त्यांनी साहेबांनाही सांगितलं असतं तर मला कायम होईपर्यंत थांबावं लागलं नसतं.