मदत हवी आहे: डेंटिंग-पेंटिंगचं काम बिघडवलं, गॅरेजवाला दाद देत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगन आर, २०१९ची, सिल्व्हर. मे महिन्यात इथे कोल्हापुरात सिग्नलला उभा असताना एक टेम्पो डावीकडून घासून गेला. मागचं दार आणि त्यामागचा पत्रा, दोन्हीला चांगलाच पोचा आला. पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जमलाय, तो घालवायला नको म्हणून इन्शुरन्सकडे गेलो नाही. ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजमध्ये १८,५०० रुपयांत काम ठरवलं. पैसे यूपीआयने दिले. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर शिक्कासुद्धा नाही.

गाडी संध्याकाळी ताब्यात घेतली, तिथेच चुकलं. ट्यूबलाइटखाली सगळं झकास दिसत होतं. सकाळी उन्हात पाहिलं तर मागचं दार पुढच्यापेक्षा गडद, रबरावर रंगाचे तुषार, आणि दार आपटल्याशिवाय लागत नाही. आई नेहमी त्याच बाजूला बसते. संधिवातामुळे तिच्या हातात दार आपटण्याइतका जोर नाही, दर वेळी मला उतरून लावावं लागतं.

जुलैच्या पावसात चाकाच्या कमानीवर मोहरीएवढे फुगे आले. नखाने एक फोडला तर आत पाणी आणि खाली पिवळट लांबी (खड्डे भरायची पुट्टी). फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावून बघितलं. पुढच्या दाराला घट्ट चिकटतं, इथे मात्र घसरून खाली पडतं. म्हणजे पत्रा ठोकून सरळ केलाच नाही, खड्डा नुसता लांबीने भरलाय.

गॅरेजवाला म्हणतो, "पावसाळ्यात असं होतंच साहेब, पॉलिश मारून देतो." पॉलिशने फुगे कसे जातील?

त्याच्याकडूनच परत करून घ्यावं की पैसे परत मागावेत? दुसरीकडे काम केलं तर पुरावा जाईल का? आणि पक्क्या बिलाशिवाय ग्राहक आयोगात उभं करतात का? खरंच कळेनासं झालंय.

प्रतिसाद १

मी बारा वर्षं पेंट बूथवर काम केलंय. आता एकही फुगा फोडू नका. उन्हात फोटो काढा, चुंबकाचा व्हिडिओ करा, आणि दुसऱ्या वर्कशॉपमध्ये पेंट जाडी मोजायच्या गेजने आकडे घेऊन लेखी एस्टिमेट मागा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, लांबीवर आकडा त्याच्या कितीतरी पट येतो. ही सगळी लांबी पत्र्यापर्यंत काढायला हवी, तिच्यावरच रंग मारला तर पुढच्या पावसात पुन्हा फुगे. लांबी पाणी मारून घासली की ती पाणी पिते, न वाळवता रंग मारला की ते आतच अडकतं. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. मेटॅलिक सिल्व्हरची शेड नुसत्या एका दारावर जुळवणं फार अवघड, पुढच्या दारावर थोडा रंग ओढून मिसळावाच लागतो. ज्याने पत्राच सरळ केला नाही त्याच्याकडे मी तरी गाडी पुन्हा देणार नाही.

प्रतिसाद २

पक्कं बिल नाही म्हणून अडत नाही. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. उलट बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या, दोष आणि मागणी नेमकी लिहा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. नोटिशीची मुदत संपून गेजचे आकडे हातात येईपर्यंत काम दुसरीकडे करू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी गेज लावून घेतो आणि आकडे इथे टाकतो. नोटिशीत पूर्ण १८,५०० मागावेत की नवीन एस्टिमेटची रक्कम? कुणी अशी नोटीस दिली असेल तर मजकूर कसा लिहिलात ते सांगा.