१४ महिन्यांच्या मुलाचं वजन घटलं का?

सिडकोकर_आई:
मुलगा १४ महिन्यांचा. जन्माचं वजन २.८ किलो, वाढदिवसाला दवाखान्यात ८.६ भरलं. गेल्या महिन्यात अंगणवाडीत ९.२ आणि परवा दवाखान्यात ८.९! डॉक्टर "ठीक आहे" एवढंच म्हणाले, बाहेर रांग होती. सासूबाई म्हणतात, बाळ सुकलं. जेवायला बसवलं की तोंड फिरवतो, दुधाची बाटली मात्र दिवसाला पाच वेळा लागते. अजून धरूनच उभा राहतो. शेजारचं ११ महिन्यांचं पोर घरभर चालतंय. टॉनिक सुरू करू का?

सिस्टर_नाशिकरोड:
ताई, टॉनिक राहू द्या. मुलांच्या वॉर्डात ड्युटी करते, थंडीच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. अंगणवाडीत झोळीच्या काट्याला लावलं तेव्हा अंगात स्वेटर, डोक्याला टोपरं, पायात वाळे आणि खाली भरलेलं डायपर, असंच ना? तीनशे ग्रॅम तिथेच गेले. दवाखान्यात उघडं करून मोजलं असणार. दोन वेगळ्या काट्यांचे आकडे एकमेकांना लावूच नका. दवाखान्यातले दोन धरा: ८.६ वरून ८.९. वाढलंय की!

आता माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि मुलाच्या आलेखावर हे ठिपके टाका. मधल्या रेषेच्या खाली पडतील, पण तिच्याबरोबर वर चढताना दिसतील. आम्ही ठिपक्यापेक्षा ही चढण बघतो. वर्षाला वजन जन्माच्या तिप्पट व्हावं, म्हणजे ८.४. तुमचा त्याच्या पुढेच होता. रेष सलग दोन-तीन महिने आडवी पडली किंवा खाली वळली, तर मात्र रांगेत उभं राहून नीट विचारायचं.

भुकेचं म्हणाल तर पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास. वाढ निम्म्यावर आली की भूकही उतरणारच. वर पाच बाटल्या दूध! जेवायला जागा कुठे उरते? दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा, कपाने द्या, जेवणाच्या तोंडावर नको. दुधात लोह नावालाच असतं. दुधावर पोसलेली गुबगुबीत पण पांढरीफटक पोरं वॉर्डात कायम येतात. नागलीची पेज, तूप घालून वरणभात, खात असाल तर अंडं.

चालायला १८ महिन्यांपर्यंत वाट बघतात. मी उलट हे विचारेन: नावाने हाक मारली की वळतो का, टाटा करतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागलाय का? आणि येत असलेली गोष्ट करायची बंद झाली, तर एक दिवसही थांबू नका.

पंचवटीचे_पप्पा:
सिस्टर, आमच्याकडे वेगळीच कटकट. मुलगी ११ वर्षांची, वर्षात ७ सेंमी वाढली, १३ वर्षांच्या दादाच्या वर गेली. आजी म्हणते हिला पाळी लवकर येणार आणि पोरगा बुटकाच राहणार. त्याला रोज बारला लटकवतोय.

सिस्टर_नाशिकरोड:
लटकू दे, खांदे बळकट होतील. उंची त्याने वाढत नाही.
मुलींची उंचीची उसळी मुलांच्या जवळपास दोन वर्षं आधी येते, म्हणून या वयात बहीण भावाच्या पुढे जाते. मुलींमध्ये आधी छातीत गाठ लागते, मग उंची झपाट्याने वाढते, मग पाळी. पाळीनंतर बहुधा ५ ते ७ सेंमीच वाढते. त्यामुळे ११ व्या वर्षी हे सगळं वेळेवरच चाललंय. आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली असती, तर डॉक्टरांकडे पाठवलं असतं. दादाला १४ पूर्ण झाली आणि वयात येण्याची काहीच खूण नाही, तर त्याला दाखवा. तोवर आजींना म्हणावं, त्याच्या तोंडावर 'बुटका' नको.
दर सहा महिन्यांनी मोजा: बूट काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं. आणि तुमची दोघा नवराबायकोची उंची लिहा, म्हणजे पोराचा अंदाज बांधता येईल.