मदत हवी आहे: प्रकाशलहरीत इलेक्ट्रिक (विद्युत) आणि मॅग्नेटिक (चुंबकीय) ही दोन्ही फील्ड (क्षेत्रं) एकदमच शून्य होतात, मग लहर पुढे जाते कशी?

नमस्कार मंडळी, प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण मला ते मुळापासून समजून घ्यायचंय आणि एका जागी गाडी अडलीये.

वेगाचा भाग पटलाय. वेबर आणि कोलराउश या शास्त्रज्ञांनी १८५६ साली नुसत्या विजेच्या प्रयोगातून एक वेग काढला, त्यात प्रकाशाचा संबंधच नव्हता, तरी तो सेकंदाला साधारण ३,१०,००० किमी आला म्हणजे फिझो या शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ, आणि पुढे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या वीज-चुंबकत्वाच्या समीकरणांतून जी लहर निघाली तिचाही वेग तोच. हे वाचताना अंगावर काटा येतो खरंच! नंतर हर्ट्झ या शास्त्रज्ञाने तशा लहरी तयार करूनच दाखवल्या.

आता अडचण. सगळे सांगतात की इलेक्ट्रिक फील्ड बदललं की मॅग्नेटिक तयार होतं, ते बदललं की परत इलेक्ट्रिक, असं करत लहर पुढे सरकते. पण लहरीच्या नेहमीच्या आकृतीत तर दोन्ही एकाच वेळी कमाल आणि एकाच वेळी शून्य! कमाल असताना फील्ड क्षणभर बदलतच नाही, मग तिथे दुसरं शून्य नको का? झोक्यात कसं, उंची कमी झाली की वेग वाढतो. इथे दोन्ही शून्य झाल्यावर एनर्जी जाते कुठे? गणित थोडंफार येतं, कोणीतरी प्लीज नीट समजावून सांगा.

प्रतिसाद:
चांगला प्रश्न, बऱ्याच जणांचं इथेच अडतं. मॅक्सवेलचं समीकरण नीट बघा, मॅग्नेटिक फील्ड किती वेगाने बदलतंय हे इलेक्ट्रिक फील्ड जागेनुसार किती बदलतंय यावर ठरतं, ते किती मोठं आहे यावर नाही. शिखरावर उतार शून्य, म्हणून तिथे दुसऱ्याचा बदलही शून्य, म्हणजे तेही शिखरावरच. जिथे दोन्ही शून्य तिथे उतार सगळ्यात जास्त, म्हणून बदलही तिथेच सगळ्यात जोरात. एनर्जी कुठे जात नाही, त्या क्षणी ती शेजारच्या भागात असते आणि सगळी मिळून पुढे वाहत असते.

प्रश्नकर्ता:
अरे वा, म्हणजे मी फक्त वेळेचा बदल धरून बसलो होतो, जागेचा बघतच नव्हतो! मग झोक्याचं चित्र कुठेच लागू होत नाही का?

प्रतिसाद:
होतं ना, दोन आरशांमध्ये स्टँडिंग वेव्ह (पुढे न सरकता जागच्या जागी हलणारी लहर) तयार झाली की. तिथे एक फील्ड सगळीकडे शून्य असतं त्या क्षणी दुसरं कमाल असतं.