मदत हवी आहे : आईची कॅल्शियमची गोळी

नमस्कार. आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो. माझ्या ६७ वर्षांच्या आईचे रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी १४, म्हणजे २० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) या किमान पातळीच्या बरेच खाली आले असून, आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी आणि रोज जेवणानंतर कॅल्शियम कार्बोनेटची गोळी सुरू आहे. परंतु त्या गोळीने पोट जड होऊन बद्धकोष्ठता होते, म्हणून ती गुपचूप पदराच्या गाठीत बांधून ठेवते, हे काल धुणे भिजवताना मला कळले. चार गोळ्या पाण्यात विरघळल्या होत्या. फार वाईट वाटले.

दूध तिला पचत नाही आणि नाचणीची आमच्या माळव्यातल्या घराला सवय नाही. डॉक्टरांना विचारून कोणी कॅल्शियम सायट्रेटची गोळी घेतली आहे का? त्रास कमी झाला का? तसेच दुधाशिवाय दिवसाचे सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम तीळ, राजगिरा, नाचणी यांतून आपण कसे भागवता, हे कृपया सविस्तर कळवावे.