मदत हवी आहे: शेतात तेल सांडलंय, जिवाणू परत कधी येणार?

बांधावरचा: रस्त्याकडेच्या पट्टीत टँकर उलटला, तेल आत आलं. माती अजून तेलकट आहे, पाणी दिलं तर वरच्या वर पळतं. उरलासुरला मका पिवळा पडला. जिवाणू सगळे मेले का? कोणतं जिवाणूंचं कल्चर टाकू? लवकर सांगा, पेरणी तोंडावर आलीय.

मृण्मयी: कसलं तेल? डिझेल, क्रूड, की गोडंतेल? कधी सांडलं? माती कोणती? जवळ विहीर आहे का?

देशी_गाय: इतक्या चौकशा कशाला? शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडा. माझ्या द्राक्षबागेत एका हंगामात गांडुळं दिसायला लागली.

खवचट: बागेत तेल सांडलं होतं का?

देशी_गाय: नाही. पण जमीन ती जमीनच.

बांधावरचा: डिझेल. उन्हाळ्यात. काळी माती. विहीर खालच्या अंगाला.

मृण्मयी: अहो, हे आधी सांगायचं! पहिलं विहिरीचं पाणी तपासून घ्या, तोवर पिऊ नका.
जिवाणू सगळे मरत नाहीत. डिझेल खाणारे सुडोमोनास, रोडोकॉकस मातीत मुळातच थोडे असतात, तेल पडलं की तेच माजतात. मार खातात ते बाकीचे, विशेषतः अमोनियाचं नायट्रेट करणारे. त्यात तेल म्हणजे बहुतेक कार्बनच. तो पचवायला हे खादाड मातीतलं नत्र ओढतात. मका पिवळा पडण्यात त्याचाही हात असणार. त्यामुळे कल्चरआधी हवा, ओल, नत्र आणि स्फुरद बघा. एक किलो डिझेल पूर्ण पचायला तीन किलोहून जास्त ऑक्सिजन लागतो. काळ्या रानात पाणी तुंबलं की काम ठप्प. वाफसा येईल तसा कुळव फिरवत राहा. युरिया थोडा थोडा, एकदम ओतू नका.

प्रयोगशाळेतून: कल्चरला इतकं हिणवू नका. तेरी संस्थेचं ऑइलझॅपर हे तेलखाऊ जिवाणूंचं कल्चर तेल कंपन्या तेलकट गाळावर वापरतात.

मृण्मयी: गाळ वेगळा, शेत वेगळं. बाहेरून आणलेले बऱ्याचदा स्थानिकांपुढे टिकत नाहीत. 1989 मध्ये एक्झॉन व्हॅल्डीझ जहाजाचं तेल सांडल्यावर अलास्काच्या किनाऱ्यावर खत घालून तिथल्याच जिवाणूंना जुंपलं होतं.

खवचट: आणि शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी प्रयोगशाळेत घडवलेला तेलखाऊ जिवाणू? 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटला हिरवा कंदील दिला होता ना?

प्रयोगशाळेतून: खटला गाजला, जिवाणू मात्र गळतीवर कधी वापरलाच नाही. विषयावर या.

कागदपत्रे_जपा: पंचनामा केलात का? टँकरच्या विम्यातून भरपाई मागता येते.

बांधावरचा: ते नंतर बघू. पेरू की नको? वास तर गेलाय.

मृण्मयी: यंदा त्या पट्टीत नको. हलका भाग उडून जातो म्हणून वास जातो, जड भाग मातीला चिकटून राहतो. एका कुंडीत ती माती, दुसरीत चांगल्या रानातली घ्या आणि दोन्हीत मूग पेरा. उगवणीतला फरक दिसेलच.

देशी_गाय: मूग जीवामृतात भिजवून पेरा.

बांधावरचा: बरं. कुंड्यांना विहिरीचं पाणी चालेल ना?